मेखा घडवणारे गिर्यारोहक
गिर्यारोहणाची साधने घडवण्याचा धंदा विसाव्या शतकात वाढला, तो बहुतांशी स्वतः कडे चढणाऱ्यांच्या हातून. कारण उघड आहे. कातळाच्या भेगेत ठोकलेल्या ज्या मेखेवर जीव टांगायचा, ती कुणी आणि कशी घडवली असेल ही शंका दोराला लटकलेल्या माणसाला स्वस्थ बसू देत नाही.

मिलानचे विताले ब्रामानी यांच्या बाबतीत ही शंका पायांपासून सुरू झाली. 1935 साली आल्प्समधील पुंता रासिका शिखरावर त्यांच्या सोबत्यांपैकी सहा जण खराब हवेत अडकून दगावले. खिळे ठोकलेले जड बूट कातळाला नीट धरत नसत, तर कातळावर चालणारे पातळ तळव्याचे जोडे बर्फात कुचकामी ठरत. दोन वर्षांत ब्रामानींनी खोल दातांचा रबरी तळवा तयार केला. भांडवल पिरेल्ली या टायरवाल्यांनी पुरवले. ब्रामानींच्याच नावावरून ‘विब्रम’ म्हटला गेलेला हा तळवा 1954 साली के-टू शिखर पहिल्यांदा सर करणाऱ्या इटालियन चमूच्या बुटांना होता.

कॅलिफोर्नियातील योसेमिटी खोऱ्यात अडचण वेगळी होती. युरोपातल्या मेखा मऊ लोखंडाच्या. एकदा ठोकली की ती भेगेतच सोडून द्यायची. योसेमिटीच्या टणक ग्रॅनाइटमध्ये त्या वाकत, आणि अनेक दिवसांच्या चढाईला पुरतील इतक्या मेखा पाठीवर नेणे अशक्य होते. जॉन सालाथे या मूळच्या स्विस लोहाराने फोर्डच्या ‘मॉडेल ए’ मोटारीच्या आसाचे पोलाद वापरून पुन्हा पुन्हा ठोकता येणारी मेख घडवली.

इव्हॉन शुइनार्ड या तरुणाने हेच काम पुढे नेले. ससाण्यांची घरटी गाठण्यासाठी पोरवयातच तो दोरावरून कडे उतरायला शिकला होता. 1957 साली त्याने भंगारातून कोळशाची जुनी भट्टी, ऐरण, चिमटे आणि हातोडे आणले आणि बरबँकमधील आईवडिलांच्या परसात, कोंबड्यांच्या खुराड्यात, दुकान थाटले. लोहारकी तो स्वतःच शिकला. पहिल्या मेखा कापणी यंत्राच्या जुन्या पात्यापासून केल्या. तासाभरात दोन मेखा व्हायच्या आणि एक दीड डॉलरला जायची. युरोपातली मेख वीस सेंटला मिळत असताना ही किंमत भारीच. पण अवघड कडा चढायचा तर दुसरा इलाज नव्हता. माल मोटारीच्या डिकीतून विकला जाई. हिवाळ्यात ठोकाठोक, उन्हाळ्यात कडे. 1964 च्या एकपानी किंमतपत्रकात तर बजावलेच होते की मे ते नोव्हेंबर माल लवकर मिळेल अशी आशा ठेवू नये. दुकानदारीच्या कोणत्याही शास्त्रात न बसणारी ही सूचना गिऱ्हाइकांना मात्र पटली असणार, कारण तेही त्या महिन्यांत कड्यावरच असत.

1965 साली टॉम फ्रॉस्ट हा विमानविद्येचा अभियंता भागीदार झाला. दोघांनी मिळून योसेमिटीतील एल कॅपिटन या कड्यावर अवघड चढाई केली होती. कड्यावरून परतले की प्रत्येक वस्तू अधिक हलकी आणि अधिक मजबूत कशी होईल, यावर ते पुन्हा हात फिरवत. मेखेवर जीव टांगण्याची भीती गेली नव्हती. तिला तपासनिसाच्या कामाला लावले होते. 1970 पर्यंत ही पेढी अमेरिकेतील गिर्यारोहण साधनांची सर्वांत मोठी विक्रेती बनली, तरी नफा जेमतेम एक टक्का.

त्याच सुमारास दुसरी, दुकानदाराला अधिक ओळखीची भीती समोर आली: धंदा बुडण्याची. मेख ठोकायची, काढायची, पुन्हा ठोकायची, यामुळे लोकप्रिय मार्गांवरच्या भेगा फुटून रुंद होत होत्या. पण धंद्याचा सुमारे सत्तर टक्के भाग मेखांचाच होता. भागीदारांनी त्यातून हळूहळू बाहेर पडायचे ठरवले. 1972 च्या सूचीपत्रकात हातोडा न लावता बोटांनी भेगेत अडकवायच्या ॲल्युमिनियमच्या पाचरी आल्या आणि सोबत त्या कशा वापराव्यात यावर डग रॉबिन्सन या गिर्यारोहकाचा चौदा पानी लेख. काही महिन्यांतच मेखांचा खप आटला आणि पाचरी मागणीला पुरेनाशा झाल्या. धाडस म्हणून याचे कौतुक होते, पण लेखाचे श्रेयही कमी नाही: हातोड्यावर वाढलेल्या मंडळींना तो सोडायला लावणे सोपे नव्हते.

समांतर भेगेत पाचर टिकत नाही. ती उणीव अवकाश-उद्योगातून आलेल्या रे जार्डिन यांनी स्प्रिंगने फाकणाऱ्या ‘फ्रेंड’ या साधनाने भरून काढली. कित्येक मोसम त्यांनी ते योसेमिटीत गुपचूप वापरून पाहिले. 1978 साली मार्क व्हॅलन्स या इंग्रज गिर्यारोहकाच्या ‘वाइल्ड कंट्री’ कंपनीने ते बाजारात आणले. सह्याद्रीच्या सुळक्यांवर चढणाऱ्यांच्या कमरेला आज खुळखुळणारी साधने याच कुळातली.

शुइनार्डच्या पेढीला अखेर कड्याने नव्हे, कोर्टाने गाठले. 1980 च्या दशकात नुकसानभरपाईचे दावे येऊ लागले. दावेदारांत खिडक्या पुसणारा होता, नळदुरुस्तीवाला होता, चढाईचा दोर रस्सीखेचीला वापरणाराही होता. विम्याचे हप्ते भडकले आणि 1989 साली पेढीने दिवाळखोरीच्या कायद्याचा आसरा घेतला. अलास्कात कठीण चढाया केलेले पीटर मेटकाफ आणि इतर कर्मचाऱ्यांनी मिळून मालमत्ता विकत घेतली, कंपनीला ‘ब्लॅक डायमंड’ हे नाव दिले आणि 1991 साली सगळे बिऱ्हाड कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरून सॉल्ट लेक सिटीला, डोंगरांच्या पायथ्याशी हलवले.