हेल्प सिंड्रोम : नाव मिळेपर्यंतचा इतिहास

आठव्या महिन्यातल्या गर्भवतीला उजव्या बरगडीखाली दुखू लागले, मळमळ सुटली, तर घरचे काय म्हणतात? पित्त झाले असेल. डॉक्टरही बराच काळ असेच काहीतरी म्हणत आले.

गर्भारपणातील उच्च रक्तदाबाचा आजार मोजमापातून उलगडत गेला. 1843 मध्ये लंडनच्या गायज् हॉस्पिटलात जॉन लीव्हर यांना झटके आलेल्या गर्भवतींच्या लघवीत प्रथिने सापडली. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याची रिवा-रोच्ची यांची पद्धत 1896 ची. यकृताचे नुकसान मात्र शवविच्छेदनातच दिसे, म्हणजे बाई गेल्यावर.

1954 मध्ये अमेरिकेत प्रिचर्ड आणि सहकाऱ्यांनी अशा तीन रुग्णांची नोंद केली : तांबड्या पेशी फुटलेल्या, प्लेटलेट घटलेल्या. त्याच सुमारास न्यू यॉर्कमध्ये आर्थर कारमेन आणि सहकारी प्रकाश किती शोषला जातो यावरून रक्तातले एन्झाइम मोजत होते. यकृताच्या पेशी मेल्या की हे एन्झाइम रक्तात झिरपतात. (मी अभियांत्रिकी शिकवतो, त्यामुळे या उपकरणाचे कौतुक मला जरा जास्तच!) आता यकृताचे दुखणे जिवंतपणी आकड्यात दिसू लागले. तरीही हे धागे एकत्र यायला 1982 उजाडले. त्या वर्षी लुई वाइनस्टाइन यांनी 29 रुग्णांचा अभ्यास छापला आणि फुटलेल्या पेशी, वाढलेले यकृत-एन्झाइम, कमी प्लेटलेट या तिन्हींच्या इंग्रजी आद्याक्षरांतून ‘हेल्प’ हे नाव दिले. यातल्या अनेकींवर आधी भलत्याच रोगाचा शिक्का बसला होता आणि योग्य उपचार राहून गेले होते.

आत नेमके काय घडते? बारीक रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडते. तिथे गुठळ्या होतात, त्यात प्लेटलेट खर्ची पडतात. अरुंद वाटेतून जाताना तांबड्या पेशी फाटतात. यकृताला रक्त पुरत नाही, ते सुजते, त्याचे आवरण ताणले जाते. तीच ती बरगडीखालची कळ. क्वचित आवरणाखाली रक्त साठते आणि यकृत फुटते. मग आईचा जीव वाचवायला फार थोडा वेळ उरतो.

मूळ उपचार एकच, प्रसूती. झटके टाळायला मॅग्नेशियम सल्फेट देतात. काहींचा रक्तदाब फारसा वाढलेलाही नसतो, तर काहींना हा आजार बाळंतपणानंतर, बहुधा पहिल्या 48 तासांत, गाठतो. त्या वेळी घरात बारशाची बोलणी सुरू झालेली असतात.