आमच्या ताटांतील स्वदेशी आणि परदेशी



महोत्सवाच्या पंगतीची यादी होत असतां एका तरुणानें विचारलें, "फादर, पाव ठेवावा कीं नको? लोक अजून आम्हांस पाववाले म्हणतात." प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मनुष्य कोणत्या देशाचा हें त्याच्या ताटावरून ठरविण्याची खोड जुनी आहे. आणि ख्रिस्तसभाही तिच्यापासून अलिप्त राहिली नाहीं, हें प्रथम कबूल केलें पाहिजे. इ. स. १७३६ मध्यें गोव्याच्या इन्क्विझिशननें काढलेल्या जाहीरनाम्यांत, हिंदूंप्रमाणें मिठावांचून भात शिजविण्याचीही एतद्देशीय ख्रिस्तीजनांस मनाई होती. चिमूटभर मीठ श्रद्धेचा दाखला ठरलें! चुलीपर्यंत पोंचलेल्या ह्या कायद्याची मला आजही लाज वाटते.

उलट बाजूसही तोच न्याय. फिरंग्यांनीं विहिरींत पाव टाकून गांवेंच्या गांवें बाटविलीं, ही आख्यायिका आपण सर्वांनीं ऐकलेली आहे. पाव हा शब्द पोर्तुगिजांचा खरा. परंतु त्यांच्या देशचें खमीर येथें मिळेना, तेव्हां गोव्याच्या पोदेरांनीं नारळीच्या माडीनें पीठ फुगविलें. मग तो पाव कोणाचा म्हणावा?

आतां एकादशीचें ताट पाहा. हल्लींचा साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कंद, शेंगदाणा, बटाटा, हिरवी मिरची, हीं सर्व मूळचीं अमेरिका खंडांतील. १४९२ पूर्वीं आपल्याकडे त्यांची कोणास वार्ताही नव्हती. 'बटाटा' हें नांवदेखील पोर्तुगीजच आहे. वेदकाळीं ज्यांचा गंध नव्हता असे पदार्थ उपासास चालले, आणि पाव मात्र विटाळाचा राहिला! त्या खिचडीस कोणी परकी म्हणत नाहीं, व म्हणूंही नये. मीही ती आवडीनें खातों.

आपली वसई १५३४ मध्यें पोर्तुगिजांकडे गेली आणि १७३९ मध्यें चिमाजी आप्पांनीं जिंकून घेतली. फिरंग्यांचें राज्य गेलें. पाव राहिला, सिरका-लसणाचें इंद्याल राहिलें. तांदळाची भाकर तर कधीं गेलीच नव्हती, आणि उन्हांत वाळविलेलीं सुकेळीं आजही आहेत.

त्या तरुणास मीं सांगितलें, पाव ठेव. भाकरही ठेव. पंगतीस हिंदु शेजारी येणार आहेत. त्यांत कोणाचा उपास असल्यास खिचडीचें एक पातेलें निराळें चढवावें, असें स्वयंपाक्यांस कळविलें आहे.