ठिपक्याचं कुळशील

चांदवडात होळकरांचा रंगमहाल आहे खरा. पण आमच्या गल्लीत लेखी वंशावळ असलेला रहिवासी एकच – शेजारच्या अण्णांचा डाल्मेशियन कुत्रा, ठिपक्या. मला पणजोबांचं नाव आठवावं लागतं. याच्या चार पिढ्या छापील! कौतुकानं वाचू लागलो, तर आईचा बाप आणि बापाचा बाप एकच! आमच्याकडे नुसतं सगोत्र निघालं तरी पोहे अर्धवट टाकून मंडळी उठतात.

पुढे ठिपक्याला मूतखडा झाला. डॉक्टर म्हणाले, "जातीचाच दोष."

त्याचं असं झालं. १८७३ साली लंडनात केनेल क्लब निघाला, वंशावळीच्या वह्या आल्या, बाहेरच्यांना दार बंद झालं. शुद्धतेच्या या सोवळ्यात युरिक ॲसिड वाढवणारा सदोष जनुक साऱ्या डाल्मेशियनांत मुरला. निरोगी जनुक घरात उरलाच नाही. आणायचा तर बाहेरूनच. १९७३ साली अमेरिकेत डॉ. रॉबर्ट शाइबल यांनी पॉइंटर जातीशी एकदाच सोयरीक केली आणि पुढल्या पिढ्या पुन्हा डाल्मेशियनांतच वाढवल्या. दोष गेला, ठिपके राहिले. १९८१ साली अमेरिकन केनेल क्लबनं त्यांतल्या दोघांची नोंद केली. डाल्मेशियनवाल्यांनी 'बाटलं, बाटलं' असा गहजब केला आणि दार पुन्हा बंद! ते उघडायला २०११ साल उजाडलं.

अण्णा आता ठिपक्याला घटकेघटकेला पाणी पाजतात, मध्यरात्री उठून बाहेर नेतात. आणि ज्याच्या बापाचं नाव कुणी विचारू नये असा गावठी मोत्या पायरीवर आडवा पडून हा खानदानी सोहळा बघत असतो.