अस्सल, बनावट आणि बखर

मराठ्यांच्या इतिहासलेखनात कोणत्या साधनावर कितपत विसंबावे, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऐरणीवर आला, तो मुख्यतः वि. का. राजवाडे यांच्यामुळे. वाई येथे मिळालेली पानिपतकालीन पत्रे त्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या पहिल्या खंडात छापली आणि बखरी, म्हणजे बहुधा घटनेनंतर पुष्कळ काळाने ऐकीव माहितीवर रचलेली गद्य आख्याने, त्या पत्रांशी ताडून त्यांतील चुका प्रस्तावनेत दाखवून दिल्या. समकालीन कागदापुढे बखरीची साक्ष टिकत नाही, हा निकष १९१० साली पुण्यात स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या कामातून रुजला. मात्र अस्सल पत्रातही लिहिणाऱ्याच्या कानावर आलेली अफवाच असू शकते, याकडे राजवाड्यांच्या उत्साहात काहीसे दुर्लक्ष झाले, असे म्हणावे लागते.

कागद पारखण्याची सोय दफ्तरी शिरस्त्यातच होती. शिवाजी महाराजांच्या पत्रात माथ्यावर शिक्का असे आणि मजकूर संपताच ‘मर्यादेयं विराजते’ ही मोर्तब, म्हणजे समाप्तिमुद्रा, उमटे, जेणेकरून तिच्याखाली कोणी पदरचा मजकूर घुसडू नये. मोबाइलवर फिरणाऱ्या मोडी पत्राच्या छायाचित्रात हा तळच कापलेला असेल, तर ती कसोटी लावताच येत नाही. याशिवाय तिथी आणि वार यांचा मेळ गणिताने तपासता येतो. मनाने तिथी घालणारा बहुधा तेथेच सापडतो.

या पारखेची खरी परीक्षा शिवजन्मतिथीच्या वादात झाली. उत्तरकालीन बखरींमुळे शके १५४९ मधील, म्हणजे १६२७ ची, वैशाख शुद्ध द्वितीया रूढ झाली होती. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये जेधे शकावली, म्हणजे कारीच्या जेधे देशमुखांकडील सालवार नोंदींची यादी, प्रसिद्ध केली, तिच्यात मात्र शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी नोंद निघाली. गणिताने तो दिवस १९ फेब्रुवारी १६३० ठरतो आणि वार शुक्रवारच येतो. तरीही एका घराण्याच्या टिपणावरून रूढ तिथी सोडण्यास अनेक जण तयार नव्हते, आणि ही सावधगिरी वावगी नव्हती; पुढे परमानंदकृत समकालीन संस्कृत काव्य ‘शिवभारत’ आणि जोधपूरकडे सापडलेली जन्मकुंडली या दोन वेगळ्या जातींच्या साधनांनी तीच तिथी दिली, तेव्हा पारडे झुकले. आज जयंती कोणी तारखेने १९ फेब्रुवारीला साजरी करतात, कोणी तिथीने फाल्गुन वद्य तृतीयेला. पण दोन्ही दिवस शकावलीतील त्या एकाच ओळीतून आलेले आहेत.