‘खाली ये’ म्हणायला उरलेला पाऊण तास

बोरी अरबच्या काळ्या वावरात पाऊस उघडला की वरची पापडी दोन दिवसांत वाळते, आत मात्र चिखल तसाच असतो. अशा जमिनीवर पत्र्याच्या शेडचं काम करायला सीझर लिफ्ट, म्हणजे कात्रीसारख्या पायांवर माणसाला वर नेणारा पाळणा, उभी दिसली की मला अमेरिकेतली एक दुपार आठवते. इंडियाना राज्यातलं नोत्र दाम विद्यापीठ, 27 ऑक्टोबर 2010. फुटबॉल संघाचा सराव उंचावरून चित्रित करायला तिथे विद्यार्थी लिफ्टवर चढत. त्या दिवशी चढलेला मुलगा 20 वर्षांचा होता.

आदला दिवस, मंगळवार
अमेरिकेच्या मधल्या भागावर मोठं वादळ आलेलं. मिनेसोटातल्या बिगफोर्कला हवेचा दाब 955.2 मिलिबारपर्यंत उतरला. संघाने सराव छपराखाली उरकला. वाऱ्यात बाहेर पडायचं नाही, हे तेव्हा कुणीतरी ठरवू शकलं होतं.

बुधवार, दुपारी तीननंतर
जोरदार वाऱ्याचा सरकारी इशारा लागू होता. तरी सराव मैदानावर ठरला. वर जाण्याआधी मुलाने ट्विटरवर लिहिलं, की झोत ताशी 60 मैलांपर्यंत जाणार आहेत. म्हणजे त्याला माहीत होतं. माहीत असून तो चढला, कारण ते त्याचं काम होतं.

4 वाजून 6 मिनिटं
उरला पाऊण तास. वरून त्याने पुन्हा लिहिलं, की भयंकर भीती वाटतेय.

या पाऊण तासापाशी मी दर वेळी थांबतो. लिफ्ट खाली आणायला एक-दोन मिनिटं पुरतात. बाहेर वापरायच्या लिफ्टला वाऱ्याची मर्यादा साधारण ताशी 45 किलोमीटर असते, कारण पाळणा जितका वर, तितका वाऱ्याचा तोच धक्का तळाला जास्त उलथवतो. तिथे खाली निदान खेळाचं मैदान होतं. आपल्याकडे वारा नसतानाही काळी माती हेच काम करते. दोन चाकांत दोन मीटर अंतर धरा. एक चाक दहा सेंटिमीटर खचलं, की लिफ्ट जवळजवळ तीन अंश कलते आणि 12 मीटरवरचा पाळणा साठेक सेंटिमीटर बाजूला जातो. वरच्या माणसाला ते आधी जाणवतं. खालच्याला फक्त चाकाखालची फळी चेपलेली दिसते, तीही त्याने वाकून पाहिली तर. म्हणून लिफ्ट उभी करण्याआधी सळई खुपसून जमीन बघायची, आणि वर माणूस असेपर्यंत खालच्याने जागा सोडायची नाही.

पाचला काही मिनिटं कमी
ताशी 53 मैलांचा, म्हणजे सुमारे 85 किलोमीटरचा झोत आला. सुमारे 40 फूट चढवलेली लिफ्ट कुंपणावरून पलीकडच्या रस्त्यावर कोसळली. मुलगा गेला.

मार्च 2011
राज्याच्या सुरक्षा खात्याने विद्यापीठाला 77,500 डॉलर दंड ठोठावला. लिफ्टची वार्षिक तपासणी झालेली नव्हती, चालवणाऱ्या मुलांना नीट शिकवलेलं नव्हतं, वाऱ्याबद्दलच्या सूचना पाळल्या गेल्या नव्हत्या. यातल्या पहिल्या दोन गोष्टी वादळाच्या कितीतरी आधीच्या.

पुढे त्या मैदानांवर दुरून चालवता येणारे कॅमेरे बसवले गेले.