समान करुणेची साडेचार चटयांची खोली

ध्यानास भव्य वास्तू लागत नाही, याची साक्ष क्योतो येथील तोगुदो देते. गिंकाकुजी या नावाने प्रसिद्ध असलेल्या मठातील ही लाकडी वास्तू शोगुन आशिकागा योशिमासा याने १४८६ मध्ये स्वतःचे बुद्धमंदिर म्हणून उभारली. तिच्या एका कोपऱ्यातील ‘दोजिन्साई’ ही खोली अवघ्या साडेचार तातामी चटयांची, म्हणजे सुमारे नऊ फूट लांब-रुंद आहे. भिंतीत बसविलेले लेखनाचे मेज, खालीवर मांडलेल्या फळ्या आणि उजेड मंद करून आत सोडणारे कागदी सरकते पडदे एवढीच तिची मांडणी.

अशा लहान खोलीचा आदर्श पूर्व आशियाने विमलकीर्तीच्या कक्षात पाहिला. विमलकीर्ती भिक्षू नव्हता. तो वैशालीचा गृहस्थ उपासक होता. त्याच्या रिकाम्या खोलीत बत्तीस हजार आसने मावली, असे महायान सूत्र सांगते.

दोजिन्साई या नावाचा आशय ‘सर्वांप्रति समान करुणा’ असा आहे. परंतु योशिमासासाठी उद्याने रचणारा झेनआमी ‘कावारामोनो’ होता. नदीकाठच्या या लोकांना समाज अपवित्र मानी. शोगुनने त्या एकाचा सन्मान केला. समाजावरील कलंक तसाच राहिला. १८७१ च्या आज्ञेने बहिष्कृतांचा कायदेशीर हीन दर्जा संपला. तरीही १९२२ मध्ये त्यांना ‘सुईहेशा’ स्थापून स्वाभिमानाचा लढा उभारावा लागला.

विहारात ध्यानकक्ष बांधताना आपण तेथील साधेपणा अवश्य घ्यावा. मात्र करुणा खोलीच्या नावात राहून भागत नाही. ती उंबरठ्याबाहेर आचरणात उतरली पाहिजे, असे आम्हांस वाटते.