बुबुळाचं चालू खातं

चष्मा नाकावर बसतो, कानाला धरतो आणि तरीही बाहेरचाच माणूस राहतो. कॉन्टॅक्ट लेन्सचं तसं नाही. ती थेट डोळ्यात बिऱ्हाड करते. आता भाडेकरू घरात आला म्हटल्यावर घरमालकाची कुरकुर आलीच. आमच्या बँकेतली तरुण मंडळी संध्याकाळ झाली की डोळे चोळत म्हणतात, "काका, आकडे धुरकट दिसतायत हो!" मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. तक्रार आली की जुनी खाती उघडायची, ही हाताला लागलेली सवय. उघडून पाहतो तो ही थकबाकी शंभराहून जास्त वर्षांची निघाली!

पहिली नोंद 1888 सालची, झुरिकची. डॉक्टर अडॉल्फ फिक यांनी काचेच्या वाट्या आधी सशांच्या डोळ्यांवर बसवल्या, मग स्वतःच्या आणि मग रुग्णांच्या. सशांनी काही हरकत घेतल्याची नोंद नाही. वाटीत द्राक्षसाखरेचं पाणी भरायचं आणि ती डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकवायची. नजर सुधारायची खरी, पण थोड्या वेळाने समोर धुकं उतरायचं आणि दिव्याभोवती इंद्रधनुषी कडी दिसायची. डॉक्टरांनी ते प्रामाणिकपणे लिहून ठेवलं. ताळेबंदात तोटा न लपवणारी माणसं पूर्वीही दुर्मीळच होती.

पुढच्याच वर्षी कील विद्यापीठात ऑगस्ट म्यूलर नावाच्या विद्यार्थ्याने स्वतःसाठी अशा लेन्स करून त्यावर प्रबंध लिहिला. त्याचा नंबर होता उणे 14. डोळ्यात कोकेनचे थेंब घालूनही अर्ध्या तासापलीकडे त्याला त्या सोसेनात. पुढे हा गृहस्थ हाडांच्या डॉक्टरकीकडे वळला. हाडं निदान धुरकट दिसत असल्याची तक्रार करत नाहीत!

नंतर कित्येक वर्षं सगळ्यांचा संशय त्या वाटीतल्या पाण्यावर. कुणी मीठ बदललं, कुणी आम्लता बदलली. धुकं मात्र आपल्या वेळेवर हजर. आमच्याकडेही हिशेबात फरक आला की आधी शिपायाकडेच बघतात.

खरा गुन्हेगार 1952 साली सापडला. अमेरिकेत जॉर्ज स्मेल्सर आणि त्यांच्या सहकारी ओझॅनिक्स यांनी लेन्स बाजूलाच ठेवली. त्यांनी माणसांना घट्ट बसणारे गॉगल घातले आणि त्यांत ऑक्सिजन नसलेला वायू सोडला. लेन्स नाही, साखरपाणी नाही, तरी तीच कडी! म्हणजे डोळ्याचा श्वास कोंडत होता.

गंमत अशी, की बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात, म्हणजे कॉर्नियात, रक्तवाहिन्याच नसतात. असत्या तर जग लाल जाळीतून बघावं लागलं असतं. मग बिचारा ऑक्सिजन आणणार कुठून? मुख्यतः बाहेरच्या हवेतून, अश्रूंमार्फत. साठवण जवळजवळ नाहीच, रोजची उचल रोज. ती अडली की पडद्यात आम्ल साचतं, तो पाणी ओढून फुगतो, आणि प्रकाश आत शिरताना विखुरतो.

पुढचा इतिहास ही उचल वाढवण्याचा आहे. 1948 साली केव्हिन टूही यांनी फक्त बुबुळापुरती प्लॅस्टिकची लेन्स केली होती. पापणी मिटली की तिच्याखाली ताजे अश्रू खेळत. प्रागच्या ओट्टो विख्टर्ले यांना राजकीय कारणांनी संस्थेतून काढलं होतं. त्यांनी 1961 च्या नाताळात घरच्या टेबलावर, मुलांच्या मेकॅनोसारख्या खेळण्याला सायकलचा डायनॅमो जोडून मऊ लेन्स फिरवून काढली. सरकारी अनुदानावाचून झालेलं हे मोठं काम! 1971 मध्ये अमेरिकेत तिला परवानगी मिळाली. शतक संपता संपता सिलिकॉन मिसळलेल्या, भरपूर हवा जाऊ देणाऱ्या लेन्स आल्या.

तरी धुरकट दिसतंच. कधी लेन्स सुकलेली, कधी मळलेली, कधी डावी उजवीकडे गेलेली. म्हणून आमच्या मंडळींना मी एवढंच सांगतो: चोळू नका, हात धुऊन आधी लेन्स काढा. नळाचं पाणी लावू नका, आणि लेन्स घालून झोपू नका. मिटलेल्या पापणीखाली आधीच उचल कमी असते. काढूनही धुकं राहिलं, डोळा लाल झाला किंवा दुखू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. जंतू शिरून पडद्याला जखम झाली तर नजर कायमची जाऊ शकते.

बँक निदान तीन नोटिसा देते. डोळा बहुतेक एकच देतो, आणि तीही धुरकट अक्षरात.